मागच्या काचेवरचा चरा

रविवार, डिसेंबर २००१, नाशिक

लेन्सच्या मागच्या काचेवर चरा आहे. नखाएवढा, अर्धगोल. सकाळपासून कितीदा उजेडात धरून पाहिला!

मेव्हणा सायखेड्याला नदीवरचे पक्षी टिपायला माझी लेन्स घेऊन गेला होता. देतानाच बजावलं होतं, सुनील, लांबचं मोठं दिसावं म्हणून तू लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे लावतोस तो टेलिकन्व्हर्टर दुसऱ्या कंपनीचा आहे, त्याची काच पुढे आलेली आहे, माझ्या लेन्सला लावू नकोस, काचेला काच घासेल. आज परत द्यायला आला तेव्हा विचारलं, तर म्हणे, “नाही हो दाजी, शप्पथ! नुसती लेन्स वापरली.”

मग हा चरा आपोआप उगवला?

हिला दाखवला, तर म्हणे, “अहो, काचेच्या तुकड्यापायी माझ्या भावाला खोटं पाडणार का?”

वर त्याने भेट म्हणून फोटो फ्रेम करून आणलाय आणि हिने तो लगेच हॉलमध्ये टांगलासुद्धा. नदीपलीकडचा करकोचा, चोचीवरचा थेंबसुद्धा दिसतोय. नुसत्या माझ्या लेन्सने तो चिमणीएवढा आला असता! म्हणजे पुरावा माझ्याच भिंतीवर.

संध्याकाळी शेजारचे काका आले, फोटोसमोरून हलेचनात. “वा! तुम्ही काढलात?”

हिने माझ्याकडे रोखून पाहिलं.

“लेन्स माझी,” मी म्हणालो.