पंख माझ्या हातचे

तीर्थरूप आईस, वाकून नमस्कार.

आमचं फायबरग्लासचं ग्लायडर अखेर तयार झालं! बिनइंजिनाचं विमान, सगळं आम्हा विद्यार्थ्यांच्या हातचं. आधी पंखांवर वाळूची पोती रचून पाहिली. पंख धनुष्यासारखे वाकले, करकरले, पण मोडले नाहीत. सर म्हणाले, "आता श्वास सोडा, पोरांनो."

फायबरच्या कुसांनी अंगाला सुटणारी खाज कमी आहे. जेवतेही वेळेवर. बाबांचा गुडघा काय म्हणतोय?

काल ग्लायडर उडालं, टेकडीवर घिरट्या घालून अलगद उतरलं. आमच्याकडे रीत आहे, पंख ज्याच्या हातचे, पहिल्यांदा आत बसून उडवायचं त्यानेच. पंख माझ्या हातचे होते. म्हणून हे पत्र उडायच्या आधी नाही, उतरल्यावर लिहितेय.

तुझी, दोन्ही पायांवर धडधाकट उभी असलेली,
धाकटी