सुपडाबाईंची मान

मंगळवार, संध्याकाळ

आज म्हसावदच्या सुपडाबाईंच्या मेंदूचा एमआरआय काढला. डोकं हलवू नका असं बजावलं होतं, तरी फोटो पुसट आले. मग नवं सॉफ्टवेअर चालवलं. ते हलल्याचा, यंत्राचा सगळा गोंधळ गाळून टाकतं. चित्र एकदम लख्ख! पण पुसट फोटोत मला एक ठिपका वाटला होता, तो यात नव्हता. तोही गोंधळच होता, की गाळताना गेला?

बाईंना विचारलं, आत हलत होतात का? म्हणाल्या, "माय, तू इचारस, 'मावशी, बरं शे ना?' मंग मान हालावानी नई का?"

घ्या! धीर द्यायला माइकवरून मीच सारखी विचारत होते आणि त्या मान हलवून 'हो' म्हणत होत्या.

पुन्हा स्कॅन केला, एक शब्दही न बोलता. ठिपका होता. स्पष्ट. म्हणजे सॉफ्टवेअरनं त्यांच्या 'हो'बरोबर तोही गाळला होता.

बाहेर आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "काही दिसनं का?"

सांगायचं काम डॉक्टरांचं. तेवढंच मी म्हणाले.

पण मान हलली. माझी.