एका जोडाचे दोन नंबर

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तू बरी असशील, पोरं अभ्यासाला लागली असतील, असं धरून चालते. इथे आम्ही दोघंही ठीक.

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून हसशील. फोनवर बोलायला लागले की बाबा शेजारी येऊन बसतात आणि मला काही सुचत नाही. तर मुद्द्याचं सांगते. आपलं बुटांचं दुकान ऑनलाइन न्यायचं मी ठरवलंय. कुठे न्यायचं, ते मात्र ठरत नाहीये. तू दिवसभर कंप्युटरसमोर असतेस, तूच सांग.

एक तो मोठा बाजार, जिथे सुईपासून सोफ्यापर्यंत सगळं मिळतं. तिथे गिऱ्हाईक आयतं, खोकी न्यायलाही त्यांचाच माणूस दारात येतो. कमिशन मात्र जबर. दुसरं म्हणजे महिन्याच्या भाड्याने मिळणारं तयार दुकान. पाटी आपली, मांडणी आपल्याला हवी तशी, पण गिऱ्हाईक आपणच शोधून आणायचं. तिसरं, सगळी वेबसाइट स्वतः बांधून घ्यायची. फुकटात होते म्हणतात, पण बिघडली तर दुरुस्त कोण करणार? मी?

मोठ्या बाजारात एक घोळ आहे. तिथे बुटाच्या जोडाला एकच नंबर टाकता येतो. आणि आपली गिऱ्हाइकं कशी, ते तुला ठाऊक आहे. कुणाचा एक पाय आठ नंबरचा तर दुसरा सहाचा, कुणाचं बोट बोटावर चढलेलं. बाबांनी आयुष्यभर असलेच पाय सांभाळले. तिथल्या मदतनीस बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मग लोकांना दोन जोड मागवायला सांगा ना." उरलेले दोन बूट कुणी घालायचे, ते काही त्या बोलल्या नाहीत.

सकाळी एक पक्कं करते, दुपारपर्यंत दुसरंच बरं वाटायला लागतं. काम करता करता मध्येच उठते, दारापर्यंत जाते, परत येते. टाके वाकडे पडतात, उसवावे लागतात. एवढी घाई कसली, असं तू विचारशीलच. आहे घाई. लवकर लिही.

तुझी,
धाकटी


२० मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. भाड्याचं दुकान घे, बाबांना व्हिडिओवर लोकांची मापं घेऊ दे, त्यांचा चेहरा दिसला की लोकांचा विश्वास बसेल, असं तू लिहिलंस. कल्पना छानच होती. पण मी मोठा बाजार निवडला. रागावू नकोस.

रस्त्याकडचं शटर मी खाली ओढून घेतलंय. दारात येणाऱ्यांची आता गरजच उरली नाही. बाबा मागच्या खोलीत माझ्याजवळ बसतात. ते फोनवर इतकं कमी का बोलतात, असं तू विचारलंस. वय झालं गं. त्यांना फोनचा कंटाळा येतो.

ऑर्डरी येताहेत. कागदावर पाऊल ठेवा, पेन्सिलीने गिरवा, फोटो पाठवा, असं मी लोकांना कळवते. कुणी मोजे घालून गिरवतात, कुणी खुर्चीत बसून. निम्मे जोड परत येतात. डावा चावतो, उजव्यात पाय फिरतो. परत आलेला माल मुकाट्याने घ्यायचा, असा तिथला नियम. भिंतीलगत खोक्यांची चळत लागलीय. बाबा एकेक खोकं उघडून बूट हातात धरतात आणि विचारतात, "हा कुणाचा?"

"कुणाचाच नाही, बाबा."

"असं कसं? पाय बघितल्याशिवाय बूट केलाच कुणी?"

मी शिलाई मशीन सुरू केली. तिच्या आवाजात पुढचं ऐकू येत नाही.

बाकी सगळं ठीक.

तुझी,
धाकटी


१४ एप्रिल

ताई,

बाबा काल हरवले होते. सापडले, घरी आहेत, कुठे खरचटलंसुद्धा नाही. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

मी खोकी बांधत होते. मागचं दार उघडं होतं. मागे वळून बघते तर बाबांची खुर्ची रिकामी, आणि परत आलेल्या एका जोडातला डावा बूट गायब. मी चामडेवाल्याकडे गेले, दवाखान्यात गेले, बागेतली बाकं पालथी घातली. माझ्या पायात चप्पल नाही, हे कुणीतरी सांगितलं तेव्हा कळलं. संध्याकाळी बसवालीचा फोन आला, "तुझे बाबा माझ्या बसमध्ये आहेत."

बसवाली म्हणजे शहरातली बस चालवते ती, आपली जुनी गिऱ्हाईक. तुला हे लिहायचं टाळत होते, पण सुरुवात तिच्यापासूनच झाली. थंडीत बाबांनी तिचा जोड केला, तर दोन्ही बूट डाव्या पायाचे. ती परत घेऊन आली, तर तूच उलटे घालतेस, असं म्हणून अडून बसले. मी तिच्यासमोर त्यांच्यावर ओरडले. त्यांनी बूट खाली ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "थोरले, धाकटी कुठे गेली? तिला म्हणावं, पाहुण्यांना पाणी दे."

मी त्यांच्या हाताच्या अंतरावर उभी होते, ताई.

त्याच आठवड्यात मी ऑनलाइन दुकानांची चौकशी सुरू केली. कुणी दारात येऊ नये, कुणी त्यांना असं बघू नये, एवढंच मला हवं होतं. मोठ्या बाजारात कुणाला कुणाचं तोंड दिसत नाही. कमिशन, नंबर, मांडणी, जे जे तुला विचारलं, त्याचं उत्तर माझं आधीच ठरलेलं होतं. तुझ्या व्हिडिओत तर ते सगळ्यांनाच दिसले असते.

बसवालीने त्यांना हाताला धरून आणलं. बस सुटल्यापासून ते प्रत्येक उतारूला डावा पाय दाखवा म्हणत होते.

"लोक काय म्हणाले?" मी विचारलं.

"दोघंचौघं हसले. मग एका म्हातारीने पाय पुढे केला. मग बाकीच्यांनीही केले. शेवटच्या थांब्यापर्यंत बूट लावून बघणं चाललं होतं." तिने शटरकडे बोट केलं. "हे बंद का?"

"आता ऑनलाइन असतो आम्ही."

"मग माझे पाय काय कुरिअरने पाठवू?"

मला हसू आलं आणि हसता हसता रडूच फुटलं. तिने मला रडू दिलं. मग म्हणाली, "माझी आई मला रोज नव्याच नावाने हाक मारते. मी ओ देते. तुझ्या बाबांना माप घेऊ दे, तू तपासून घे. लपवून काय होणार? बाहेर तर ते पडलेच."

आज मोठ्या बाजारातलं खातं बंद केलं. तू सुचवलेलं भाड्याचं दुकान घेतलं. त्यावर लगेच विकत घ्यायची सोय ठेवली नाही, आधी व्हिडिओची वेळ घ्यायची. मापाची फीत कुठे धरायची ते बाबा सांगणार, शेजारी बसून मी पुन्हा मोजणार. डाव्याचा नंबर वेगळा, उजव्याचा वेगळा.

सकाळी शटर वर केलं. सगळं गोड झालं असं समजू नकोस. पहिल्याच गिऱ्हाइकाला बाबांनी हाकलून दिलं. दुसऱ्याचं माप तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा वेगळं आलं. कुणी हसलं की अजून माझे कान तापतात. घरात एका जागी बसवत नाही मला. पण शटर उघडं आहे.

पहिला व्हिडिओ तुझा हवाय. गुरुवारची दुपार मी कुणाला दिलेली नाही. ते तुला ओळखतील की नाही, मला सांगता येत नाही. नाही ओळखलं तर निदान तेव्हा रडू नकोस. पाय दाखव. समोर पाय आला की ते शांत होतात, आवाजही पूर्वीसारखा होतो. तेवढा वेळ आपल्याला मिळेल.

वाट बघते.

तुझी धाकटी,
आणि बाबांपुरती, थोरलीसुद्धा