पानगळीचा बेत

प्रिय भिंगरी,

तुझं पाकीट पोचलं त्याला बरेच दिवस झाले, पोच द्यायला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. फोन हाताशी असताना आजी कागद खरडत का बसली, असं तुला वाटेल. सांगते. माझं सांगणं सगळीकडून वळसे घेत येतं हे तुला ठाऊक आहे, तेव्हा चहा घेऊन बस. अक्षर वाकडंतिकडं आहे, शाळेत मी दुसरीच्या पुढे गेलेच नाही, पण तू लहानपणापासून माझं वाचत आलीयस.

आधी आनंदाचं. या वयात आपण युरोपात जाणार, हे मी दूधवाल्याला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं, आणि वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना इतक्यांदा सांगितलं की आता त्या मला जिन्यात बघून पायऱ्या भरभर चढतात. तरी बिचारीने नकाशा आणून दाखवला. तू राहतेस तो देश माझ्या अंगठ्याखाली पुरता झाकला गेला. म्हटलं बरं झालं, एवढ्याशा जागेत हरवणार तरी कुठे. त्या म्हणाल्या, एवढ्याशा जागेत लोक आठवड्याभरात दहा गावं उरकतात. उरकायला ती काय धुणीभांडी आहेत? मी त्यांना ठणकावून सांगितलं, आमचं सगळं निवांत आहे. गाव एकच, नदीकाठची एक खोली, दुपारी डुलकी, संध्याकाळी बाकावर बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या टोप्या बघायच्या. किल्ला एक बघायचा, तोही खालून. माझे गुडघे वर जायला राजी नाहीत, आणि राजाही आता वर कुणाची वाट बघत बसलेला नसणार.

कोटही घेतला. जुन्या कपड्यांच्या दुकानातला आहे, पण कुणाला सांगू नकोस. बाह्या एवढ्या लांब होत्या की घातल्यावर माझे हातच सापडेनात. मग मी त्या आखूड केल्या, आणि गळ्याशी एक गुंडी जास्तीची लावली. घालून आजोबांपुढे उभी राहिले. त्यांनी बाही चिमटीत धरून पाहिली, म्हणाले, सूत चांगलं आहे, वारा अडवेल. झालं. मी आपली खूश. ज्या माणसाने लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझ्या तीन साड्यांना नावं ठेवली, हिचा रंग कच्चा, हिचा डागळलेला, ही धुतली की रडणार, तो माणूस कोटाच्या रंगाबद्दल चकार शब्द बोलला नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

तुला तर माहीतच आहे, आजोबांचा जन्म गिरणीच्या रंगखात्यात गेला. हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी तांबडे. तुझी आई तान्ही असताना त्यांनी घेतलं की दुपट्याला बोटं उमटायची. तिथे नमुन्याचं कापड आणि हौदातून काढलेलं कापड शेजारी शेजारी धरून रंग जुळला की नाही ते हे ठरवायचे. दिव्याखाली कधी नाही, खिडकीशीच, आणि कापड पुरतं वाळल्यावरच. साहेब घाई करायचे, हे हलायचे नाहीत. आपल्याला जिथे नुसता लाल दिसतो तिथे त्यांना शेंदरी, विटकरी, किरमिजी, गंजका, डाळिंबी आणि आणखी कायकाय दिसायचं. म्हणून तर गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की नजर मधोमध विरत चाललीय, ती थांबवता येणार नाही, पण पुढची पानगळ बघण्याइतकी बहुतेक टिकेल, तेव्हा तू एका दमात म्हणालीस, मग तुम्ही पानगळीतच या. फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले होते, “आयुष्यभर मी हौदात लाल केला. झाड स्वतःचा स्वतः कसा करतं, ते एकदा बघून घेतो.” त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. आगगाडी कुठली, बसायचं कुठल्या अंगाला, ऊन कधी कलतं, सगळं त्यांनीच ठरवलं.

आणि मग त्या पाकिटातून तुझी झाडाची पानं आली. तू चिठ्ठीत ओळीने लिहिलं होतंस, पहिलं हिरवं, मग पिवळं, मग नारिंगी, मग तांबडं, आणि शेवटचं जवळजवळ काळं. मी ते त्यांना वाचून दाखवलं आणि पानं खिडकीशी टेबलावर तशीच मांडली. रोज सकाळी ते तिथे बसायचे. एकेक पान देठाशी धरून उजेडात फिरवायचे आणि मला सांगायचे, याच्यात पिवळ्याखाली थोडा हिरवा शिल्लक आहे बघ, हे नारिंगी काठाला जळलंय. मी हातातलं काम सोडून ऐकायची. इतकं छान सांगायचे गं.

मागच्या आठवड्यात मी टेबल पुसायला घेतलं. पानं उचलून बाजूला ठेवली, पुसून झाल्यावर हाताला येतील तशी परत मांडली. ओळीबिळीचं मला काही सुचलं नाही. ते नेहमीसारखे येऊन बसले. चौथं पान उचललं, खिडकीकडे धरलं, आणि म्हणाले, असा किरमिजी मला अख्ख्या नोकरीत एकदाच साधला होता. त्यांच्या हातात हिरवं पान होतं. मी फडकं हातात घेऊन तिथेच उभी. म्हटलं, हो, फार सुंदर आहे. मग त्यांनी पाचवं उचललं आणि त्याचंही कौतुक केलं. ते पिवळं होतं.

दुसऱ्या दिवशी तपासणीला गेलो तेव्हा ते आत दिव्यापुढे बसले असताना मी डॉक्टरीणबाईंना दाराशी गाठलं. पानांचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, आमच्या अंदाजापेक्षा फार लवकर गेली, आता उजेड कळतो, माणसाची आकृती कळते, रंग नाही, आणि आता परत येणार नाही. गेल्याच खेपेला मी तुमच्या यजमानांना सांगितलं होतं, घरी मीच सांगेन म्हणाले होते, नाही का सांगितलं? मी म्हटलं, सांगितलं असेल, माझ्याच लक्षात राहिलं नाही.

त्याच संध्याकाळी ते परत आगगाडीचं काढून बसले. इतके दिवस खिडकीची जागा त्यांची होती, मी कितीदा भांडून पाहिलं होतं. आता मला म्हणतात, “अगं, खिडकीत तू बस. मला काय, मी खूप बघितलंय.” मी हसले. काय करू, हसले. ते माझ्या खुशीसाठी बेत पुढे रेटतात आणि मी त्यांच्या. दोघंही दिवसभर त्या देशात हिंडून येतो आणि रात्री दमून झोपतो.

मास्तरीणबाईंच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, तरीही जा, तुम्ही बघा आणि त्यांना सांगा. भिंगरे, मी काय सांगणार? माझ्याकडे लाल म्हणजे लाल. मी सांगितलेल्या लालने त्यांचं काय होणार? आणि त्यांनी कबूल केलं असतं तर तसंही केलं असतं. पण ते कबूल करणार नाहीत. तुझ्यापुढे, तुझ्या नवऱ्यापुढे, गाडीतल्या परक्या लोकांपुढे ते उघड्याबोडक्या झाडाकडे बोट करून वाहवा करतील, आणि आपण माना हलवत बसू. ते मला बघवणार नाही. त्यापेक्षा मी इथेच मरेन.

हे लिहितेय तर ते समोरच खुर्चीत बसलेत. पूर्वी त्यांच्या देखत असलं काही लिहायची माझी छाती झाली नसती. मघाशी विचारलं, एवढं काय लिहितेस, तर म्हटलं, पायमोजे किती आणायचे ते विचारतेय. लोकरीचे आण म्हणाले. या महिनाअखेरीस तू तिकिटं काढणार आहेस, त्याआधी एक कर. तू नाही म्हण. रजा मिळत नाही म्हण, खोली मिळत नाही म्हण, नवऱ्याचं काहीतरी सांग, तुला सुचेल ते. पुढच्या वर्षी या, असं मात्र चुकूनही म्हणू नकोस. ते तुझ्यावर रागावतील, पोरीला आमची किंमत नाही म्हणतील, आणि मीही त्यांच्या सुरात सूर मिसळून तुला बोल लावीन. तेवढं सोस. फोन दुपारी कर आणि थेट त्यांच्याशीच बोल. तू बोलशील तेव्हा मी घरात नसेन, काहीतरी निमित्त काढून जिन्यात बसेन. मी समोर असले की त्यांना हसावं लागेल.

तुझीच,
आजी