तुमची ताई पाण्यात उतरली

प्रिय मेहुणेबुवा यांस,

सप्रेम नमस्कार. आम्ही दोघे खुशाल आहोत (म्हणजे तुमची ताई खुशाल आहे आणि मी आता कोरडा आहे, खुलासा पुढे येईल). तुमची कंबर कशी आहे? वहिनींची तब्येत बरी असेलच, कारण त्या तुमचं ऐकत नाहीत.

तुम्हीही लवकरच निवृत्त होणार, म्हणून आमचा अनुभव कळवतो. विमा कचेरीतून सुटलो तेव्हा, रिकामा वेळ सत्कारणी लावायचा, असा माझा पक्का निश्चय होता. आधी भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त केलं (ते चालतं, पण उलटं). मग मिक्सर उघडला. परत जोडल्यावर थोडे स्क्रू उरले, ते कंपनीने जास्तीचे दिले असणार असं समजून खिशात टाकले. दुसऱ्या दिवशी टोमॅटो छताला लागले. तुमच्या ताईने स्टुलावर चढून छत पुसलं आणि खाली उतरून एवढंच म्हणाली, "तुमचा रिकामा वेळ मला झेपत नाही. उद्यापासून माझ्याबरोबर तलावावर चला."

मला वाटलं, काठाने फेऱ्या मारायला. तर हिने पिशवीतून पोहण्याचा पोशाख काढला!

मेहुणेबुवा, लहानपणी ही विहिरीत पडली तेव्हा तुम्ही तिथेच होतात, तुम्हाला वेगळं काय सांगू? जन्मभर प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासताना या बाईचा हात कधी थरथरला नाही, पण बादली काठोकाठ भरली की तोंड फिरवायची. पहिल्या दिवशी पायरीवर उभी राहून रडली. शिकवणारी मुलगी आमची नात शोभेल एवढी. ती म्हणाली, "आजी, आज नुसतं बसा." ही डोळे पुसत म्हणाली, "बसायला घरी सोफा आहे," आणि उतरली. कठडा सोडायलाच कितीतरी दिवस गेले. घरी पातेल्यात तोंड बुडवून श्वास धरायची. मी काठावर टॉवेल घेऊन सूचना देत असे (मला पोहता येत नाही, पण न येणाऱ्या कामाच्या सूचना देणं हेच मी कचेरीत करत आलो).

गेल्या रविवारी खोल बाजूची आख्खी फेरी तिने एकटीने मारायची होती. मी काठाकाठाने "पाय मार, पाय मार!" असं ओरडत चाललो होतो. नजर तिच्यावर, फरशी ओली. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. चष्मा, टॉवेल आणि मी, तिघेही खोल पाण्यात. तळाच्या निळ्या फरश्या फार जवळून पाहिल्या. तेवढ्यात मागून कोणीतरी बखोट धरलं आणि ओळखीचा आवाज आला, "हातपाय झाडू नका! उताणे व्हा!" संसारात पहिल्यांदाच मी उलट न बोलता ऐकलं (तोंडात पाणी होतं). शिकवणाऱ्या मुलीनेही उडी मारली होती, पण ती पोहोचेपर्यंत ताईने मला कठड्याला लावलं होतं.

मला काठावर बसवून "बरे आहात ना?" असं विचारलं. मी मान हलवली. तर ही परत वळली. "कुठे चाललीस?" म्हटलं. "फेरी राहिली ना माझी," म्हणाली, आणि पहिल्यापासून सुरुवात करून पलीकडच्या भिंतीला हात लावूनच थांबली. सगळा तलाव टाळ्या वाजवत होता. मीही खोकत खोकत वाजवल्या. वर आली आणि माझ्या शेजारी काठावर बसली.

"भीती वाटली?" मी विचारलं.

"वाटली की. रोजच वाटते."

एवढी वर्षं हिच्याशी संसार केला, पण त्या दिवशी मी तिच्याकडे नवीन माणसाकडे पाहावं तसा पाहत राहिलो. तुमच्या घरातून आम्ही काय घेऊन आलो, हे तुम्हाला कळावं म्हणून हा पत्रप्रपंच. दुसरा काही हेतू नाही.

तुमचा,
भाऊजी

ता. क. तुमच्या वसाहतीत उथळ तलाव आहे म्हणे. महिनाभर येऊन राहीन म्हणतो; तुम्ही गुपचूप मला शिकवा. घराला रंग द्यायचाय, देखरेखीला माणूस हवा, असं ताईला कळवा.

ता. क. २. पत्ता लिहायला पाकीट माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. रंगाचं काही लिहू नकोस. ह्यांना मीच शिकवणार, उद्यापासून. तू बघायला जरूर ये. काठापासून लांब उभा राहा. – ताई