मँडेव्हिलला उतरलो

किंग्स्टन, २ एप्रिल १९८४

ती. आर्लीनताईस सा. न.

शनिवारचं तुला कळलंच असेल. शंभर मीटरची फायनल, आठ जणांत मी. पिस्तुलाआधी निघालो, पंचांनी ताकीद दिली. दुसऱ्यांदा ओणवा झालो तेव्हा डोक्यात एकच होतं : जिंकलो तर अमेरिकेतलं कॉलेज, मग बाबांच्या छातीला बरा डॉक्टर. पाय पुन्हा आधीच सुटले. मला बाहेर काढलं. कॉलेजसाठी पोरं निवडायला आलेले अमेरिकेचे पाहुणे दुसऱ्याच पोराशी बोलत बसले.

बाबांना इतक्यात सांगू नकोस. दुकानवाल्या मिस आयव्हीला तर मुळीच नको.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा डेंझिल

क्रिस्टियाना, ९ एप्रिल

चि. डेंझिलला अ. आ.

अरे वेड्या, काय लपवणार? दुकानातल्या रेडिओवर अख्खं गाव ऐकत होतं. मिस आयव्हीनं लगेच सुनावलं की पोराच्या चड्डीत मुंग्या शिरल्या असणार. बाबा तिच्यावर असे कडाडले की खोकल्यानं पुरते वाकले. मग मला म्हणाले की पोरानं पळायचं नाही तर काय उभं राहायचं?

खाणीतली ती लाल धूळ आता त्यांना जिना चढू देत नाही. खाली निजतात. ईस्टरला ये. निरफणस भाजीन, बन आणि चीज आणून ठेवीन.

रागावू नकोस, माया राहू दे.
तुझी ताई

किंग्स्टन, २३ एप्रिल

ती. ताईस सा. न.

गुड फ्रायडेला निघालो होतो गं. अर्ध्याहून जास्त वाट संपवून मँडेव्हिलपर्यंत आलो. बसमधल्या एका म्हातारबुवांनी ओळखलं, म्हणाले की तूच ना तो, घाई झालेला? सगळी बस हसली. मी उतरलो आणि समोरच्या बसनं परत फिरलो. शनिवारी पुन्हा स्टँडवर गेलो, तर पाऊलच उचलेना.

बाबांना काहीतरी कारण सांग. पुढच्या महिन्यात नक्की येतो.

तुझ्या मायेला अजून पात्र असलेला,
डेंझिल

क्रिस्टियाना, ३० एप्रिल

चि. डेंझिलला अ. आ.

तार मिळाली असेल. बाकीचं तारेत मावत नव्हतं.

गुरुवारी सकाळी तुझं पत्र आलं. बाबांनी पाकीट पाहिलं आणि विचारलं की डेंझिल काय म्हणतो. त्यांना श्वास पुरत नव्हता. मी पत्र हातात धरून खोटं बोलले. म्हटलं की निघालाय, बसमध्ये बसलाय. ते म्हणाले की मग मला उठवून बसव, पोराला मी आडवा दिसायला नको. पाठीशी दोन उशा लावल्या, पांढरा शर्ट घातला. दाराकडे तोंड करून बसले. दुपारी तसेच बसल्या बसल्या गेले.

हे तुला टोचायला लिहीत नाही. एकटीला पेलत नाही म्हणून लिहिलं.

रविवारी सहा तारखेला दफन आहे. कुणी हसलं तर हसू दे. मध्ये उतरू नकोस, राजा.

तुझी, तुझीच राहिलेली,
ताई