तिथल्या तिथं झाप

बारामती
११ ऑगस्ट १९९६

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. आबांचा खोकला थांबला हे वाचून जिवात जीव आला. इथं माझं सगळं ठीक चाललंय. मेसची आमटी इतकी पातळ असते की वाटीचा तळ वाचता येतो, पण भाकरी गरम मिळते, म्हणून तक्रार नाही.

हॉस्टेलच्या खोलीतली माझी पार्टनर आसावरी इंदापूरची आहे. तिचे वडील रमाकांतकाका तिथं वकिली करतात. पोरगी बडबडी, पण लाख मोलाची. दर रविवारी माझ्या डोक्याला तेल लावून देते आणि त्या बदल्यात माझं केमिस्ट्रीचं जर्नल उतरवून घेते. सौदा बरा आहे.

एक विनंती. यापुढं पोस्टकार्ड नको, इनलँड पाठवत जा. टपाल दारापाशी टेबलावर पडतं आणि येणारी-जाणारी प्रत्येक जण उचलून वाचते. शिवाय पावसात शाई पसरते. विसरू नकोस.

आत्याला सांग, शेवग्याच्या शेंगांची फार आठवण येते. आबांना नमस्कार. माया आहेच, तिच्यात काटकसर करू नये.

तुझी,
साक्षी


भवानीनगर
१९ ऑगस्ट १९९६

चि. साक्षीस,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

घे, तुझ्या हुकमाप्रमाणं इनलँड. पण एक कळेना. कार्डावर मी असं कोणतं गुपित लिहितो? आबांचा खोकला, आत्याच्या कोंबड्या आणि उसाला पाणी दिलं की नाही. हॉस्टेलनं वाचलं तर त्यांचं ज्ञानच वाढेल. आणि शाई पसरते म्हणतेस, मी तर बॉलपेननं लिहितो.

सुट्टीला कोऱ्हाळ्याला घरी गेलो होतो. आबा ठणठणीत आहेत. आत्या म्हणाली, पोरीला शेंगा पाठवायच्या तर एसटीत वाळून जातील, तिलाच घेऊन ये. माझी साखर कारखान्याच्या लॅबमधली नोकरी बरी चालली आहे. गाळप सुरू झालं की रसाच्या बाटल्या हलवून हात दुखतील, तोवर निवांत.

साक्षे, मी तुझ्यापेक्षा नऊ पावसाळे जास्त पाहिलेत. कार्डावर लपवण्यासारखी एकच ओळ असते, ती सगळ्यात वरची, जयभीमची. माझा अंदाज चुकला असेल तर माझा कान धर. चुकला नसेल तर काय झालंय ते सरळ लिही. तुझी ती भटीण पार्टनर काही बोलली का?

काळजी लागली आहे, उत्तराला उशीर नको.

तुझा,
रविंद्र


बारामती
२७ ऑगस्ट १९९६

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

अंदाज बरोबर आहे. तुझं पत्र वाचून रडले, मग स्वतःचाच राग आला, आता लिहायला बसले आहे.

खोली पसरलेली दिसली की आसावरी म्हणते, काय महारवाडा करून ठेवलाय. रागानं नाही, हसत. स्वतःच्या पसाऱ्यालाही तेच म्हणते, वर्गातल्या बाकांनाही तेच. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा तिच्याबरोबर मीही हसले. का हसले ते मलाच माहीत नाही. आपलं आडनाव मोरे, म्हणून कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. एकदा हसल्यावर दुसऱ्यांदा रडायची सोय राहत नाही रे.

ती वाईट असती तर प्रश्नच नव्हता, उभा वाद घातला असता. पण मला ताप आला तेव्हा हिनंच कॉलेज बुडवून दवाखान्यात नेलं, स्टोव्हवर पेज करून पाजली. तो शब्द तिनं कधी उलटून पाहिलेला नाही. तिला तो फक्त ‘पसारा’ वाटतो. मला मात्र आपली गल्ली दिसते, आत्या दिसते. मग वाटतं, मीच जास्त मनाला लावून घेते का? जिच्या मनात काही नाही, तिच्या बोलण्याचा अपमान वाटून घ्यावा का?

आता ती मला गौरीच्या जेवणाला इंदापूरला घेऊन जायचं म्हणते आहे. सांगितलं तर मैत्री जाईल, ही भीती. न सांगता तिच्या आईच्या हातचं जेवून आले, तर जेवून आली ती कोण?

आणि दादा, तू माझ्या मैत्रिणीला ‘भटीण’ लिहिलंस ते कोणत्या आनंदात? ती नावानं आसावरी आहे.

आबांना यातलं काही सांगू नकोस. जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी,
साक्षी


कोऱ्हाळे बुद्रुक
५ सप्टेंबर १९९६

चि. साक्षीस,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र खिशात घालून इकडं आलो. आधी डोकं फिरलं होतं. तडक बारामतीला येऊन त्या पोरीला चार शब्द सुनवावेत असं वाटलं. मग तुझी ‘भटीण’वरची ओळ वाचली आणि थांबलो. लॅबमध्ये आम्ही दिवसभर असंच बोलतो. कुणी नियम सांगायला लागला की भट झाला, कुणी हिशेब विचारला की वाणी झाला. तो शब्द आणि तिचा शब्द एका वजनाचे नाहीत, हे मी मरेपर्यंत म्हणेन. आपल्या शब्दामुळं कुणाला पाणवठ्यावरून हाकललं गेलं नाही. पण तुझ्या मैत्रिणीचं नाव मला माहीत असताना मी ते लिहिलं नाही, हे खरंय. पुन्हा होणार नाही.

तू जास्त मनाला लावून घेतेस का, हे मला विचारू नकोस. काटा तुझ्या पायात आहे, तर दुखतंय की नाही हे तूच सांगायचं. तिच्या मनात काही नाही हे खरं असेल आणि तुला दुखलं हेही खरं. दोन्ही खरं असू शकतं.

आबांना सांगितलं नाही, पण आत्यापुढं माझं काही चालत नाही. ती सांगतेय तसंच खाली लिहितो.

साक्षे, मी केसरआत्या. पोरगी मनाची चांगली हाय, म्हनून तर तिला सांगायचं. वंगाळ असती तर तोंड कशाला वाजवायचं? तू हसलीस त्ये काय पाप न्हाय, मी बी लई येळा हसलीया. पन जेवायला बसायच्या आदी सांग. मागनं सांगितलं तर तिला वाटंल फसवलं. आन तिला हितं घिऊन ये. मी चुना आनलाय, समदं घर पांढरंफेक करती, नव्या कपबश्या बी काढती. बघू दे तिला म्हारवाडा कसा आसतो त्यो.

आत्यानं सांगितलेलं संपलं. शिडी लावून बसली आहे, मलाही ब्रश देणार असं दिसतंय. सांभाळून राहा, आम्ही आहोत.

तुझा,
रविंद्र


बारामती
२४ सप्टेंबर १९९६

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

इंदापूरला जाऊन आले. पानावर बसायच्या आधी सांगायचं, असं एसटीत बसल्यापासून घोकत होते. घरात पाय ठेवला तर आसावरीच्या धाकट्या भावानं, अनयनं, ओसरीभर खेळणी पसरलेली. सुधाकाकू पदर खोचून आल्या आणि तेच म्हणाल्या, तोच शब्द, तोच सूर. म्हटलं, हा इथून आला तर.

मी आसावरीला मागच्या दारी नेलं आणि सांगितलं. आम्ही त्याच वाड्यातले, आता बौद्ध, आणि तू म्हणतेस तेव्हा मला लागतं. ती आधी गोंधळली. मग म्हणाली, तुला थोडंच म्हणाले मी, तू तशी नाहीस. दादा, त्या शब्दापेक्षा हे जास्त लागलं. मी तशीच आत जाऊन पानावर बसले. आम्ही जेवलो. काकूंनी आग्रहानं पुरणपोळी वाढली, गोड बोलल्या, त्यांना काहीच माहीत नव्हतं. आसावरीनं मात्र मान वर केली नाही.

तेव्हापासून खोलीत नुसतं ‘दिवा घालवू का’ आणि ‘किल्ली कुठंय’ एवढंच चालतं. मला हे सोसत नाही. दिवाळीनंतर खोली बदलून द्या, असं रेक्टरबाईंना सांगून ठेवलं आहे.

आत्याला म्हणावं, शिडीवरून खाली उतर. घर घाण असतं तरी तो शब्द मला लागलाच असता. आपल्याला कुणापुढं परीक्षेला बसायचं नाही. चुना लावायचाच असेल तर स्वतःसाठी लाव.

दिवाळीच्या सुट्टीत येते. तोवर आठवण काढत जा.

तुझी,
साक्षी


इंदापूर
१६ नोव्हेंबर १९९६

प्रिय साक्षी,
स. न. वि. वि.

रेक्टरबाईंनी निघताना सांगितलं की तू खोली बदलून मागितली आहेस. खूप राग आला. वाटलं, एका शब्दापायी? सगळे तर म्हणतात. हे वाक्य मनात इतक्या वेळा म्हटलं की शेवटी त्याचाच कंटाळा आला.

परवा अनयनं अंगणभर फटाक्यांचे कागद केले आणि माझ्या तोंडून पुन्हा तेच निघालं. तुझ्याशी एवढं झाल्यावरसुद्धा! तर अनयनं विचारलं, ताई, ते कुठं असतं? आपण बघायला जायचं का? आई हसली. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, की बाजाराच्या मागं आहे, लोकांची घरं आहेत तिथं, त्यांच्या वर्गातला भिमा तिथंच राहायचा. अनय बरं म्हणून खेळायला गेला. मी तिथंच उभी राहिले. बोलायला लागल्यापासून मी तो शब्द वापरते आहे, पण त्यात कुणाचं घर आहे हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

आणि तू तशी नाहीस म्हणाले, ते तर त्याहून वाईट. म्हणजे बाकीचे तसे, असंच ना? मला माफ कर. माझी चूक झाली, मोठी झाली.

मी आईलाही सगळं सांगितलं. तिचं नि माझं चांगलंच वाजलं. ती म्हणते, बोलायची पद्धत आहे, आम्ही कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही. तेही खोटं नाही. पण काल अनयचा पसारा बघून तिनं तोंड उघडलं, मध्येच थांबली, दुसरा शब्द शोधत राहिली आणि शेवटी नुसतंच ‘आवर रे मेल्या’ म्हणाली. मला हसू आवरेना.

आता माझा राग ऐक. तू हसायचीस! सगळा पावसाळा माझ्याबरोबर हसायचीस. मला कसं कळावं, साक्षी? तू आतल्या आत कुढत होतीस आणि मी मूर्खासारखी तुझ्या डोक्याला तेल लावत होते. जीभ आहे, पुन्हा घसरेल. तेव्हा हसू नकोस, तिथल्या तिथं झाप. पण खोली सोडून जाऊ नकोस.

घरी सर्वांना नमस्कार. लोभ उरला असेल तर तेवढ्यावरही मी भागवीन.

तुझी,
आसावरी


बारामती
८ डिसेंबर १९९६

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

खोली बदलली नाही. रेक्टरबाई म्हणाल्या, तुम्हा मुलींचं काही कळत नाही. मी म्हटलं, आम्हालाही नाही.

पण खरी गोष्ट कालची. मेसमध्ये आसावरीच्या हातून आमटीचं पातेलं कलंडलं, टेबलभर ओघळ, आणि बाईसाहेबांच्या तोंडून अर्धा शब्द निघालाच. दादा, मी हसले नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की माझं घर तिथंच आहे, कोऱ्हाळ्याच्या त्याच गल्लीत, तर आसावरी, दुसरा शब्द शोध. आसावरी लाल झाली, कान धरले आणि सगळ्यांदेखत चुकले म्हणाली. एक जण म्हणाली, त्यात काय एवढं, आपण असंच बोलतो. मला वाटलं, आता मला बोलावं लागणार. पण आसावरीच तिच्याशी भांडायला उभी राहिली, हातात फडकं घेऊन. आमटी तशीच खाली ठिबकत होती.

संध्याकाळी आमच्या दारात फर्स्ट इयरची एक मुलगी आली. कळसची आहे, वैजयंता नाव. मी तिला रोज बघते, भिंतीकडच्या कोपऱ्यात एकटी जेवते आणि पहिली उठून जाते. बराच वेळ उंबऱ्यातच उभी होती. मग हळूच म्हणाली, ताई, मी पण तुमच्यातलीच, जूनपासून कुणालाच सांगितलं नाही. उद्यापासून तुमच्या टेबलावर बसू का, असं तिनं विचारलं. आसावरीनं तिला हाताला धरून आत घेतलं.

आज सकाळी ती आमच्यात बसून जेवली. दोन भाकरी खाल्ल्या आणि सगळ्यात शेवटी उठली.

आत्याला आणि आबांना हे पत्र मोठ्यानं वाचून दाखव. जीव लावत राहा.

तुझी,
साक्षी